बुरशीवाल्याच्या घरचं गजकर्ण

माझा धंदा बुरशी मारण्याचा आहे. नेवासा फाट्यापासून चार किलोमीटर आत आमचं गाव आणि गावात माझं कृषी सेवा केंद्र. शेतकरी पिशवीतून कांद्याची पात किंवा डाळिंबाचं पान काढून काउंटरवर ठेवतो. मी ते उजेडाकडं धरतो, डोळे बारीक करतो, दोनदा 'हं' म्हणतो आणि मागच्या फळीवरून बुरशीनाशकाचा डबा काढून देतो. (दुसरं 'हं' महत्त्वाचं. पहिल्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.) वीस वर्षांत एकाही पानानं परत येऊन माझ्याकडं तक्रार केलेली नाही. त्यामुळं रोग ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, याबद्दल माझी खात्री पटलेली होती.

आमची ईश्वरी पाचवीत आहे आणि कुस्ती खेळते. गावात रंगनाथ वस्तादांची तालीम आहे, तिथं पाच मुली सराव करतात आणि त्यात आमची ईश्वरी सगळ्यात चपळ. हे मी बाप म्हणून सांगत नाही, वस्तादही म्हणतात. (मी दोन-तीनदा विचारल्यावर म्हणाले.) दोन महिन्यांवर नगरला जिल्ह्याची निवड चाचणी होती आणि ईश्वरीनं त्यासाठी आइस्क्रीम, मामाचं गाव आणि टीव्ही या तिन्हींवर पाणी सोडलं होतं. दहा वर्षांच्या पोरीनं एवढं केल्यावर बापानंही काहीतरी करायला हवं. मग मी टॉवेल धरायची जबाबदारी घेतली.

तुम्ही हसाल, पण हे काम सोपं नाही. दुकान बंद करून रोज संध्याकाळी तालमीत जायचं, कडेला उभं राहायचं आणि पोरगी घामाघूम होऊन बाहेर आली की टॉवेल तिच्या खांद्यावर टाकायचा. पुढं पुढं बाकीच्या चौघीही माझ्याकडूनच टॉवेल घ्यायला लागल्या. मला 'टॉवेलकाका' म्हणायला लागल्या. दिवसभर खताच्या गोण्या उचलताना जो टॉवेल माझ्या कमरेला असायचा, तोच संध्याकाळी खेळाडूंच्या सेवेला जायचा. वस्तू वाया घालवायची मला सवय नाही.

एके दिवशी ईश्वरीच्या हातावर रुपयाएवढा लाल गोल दिसला. कडा उठलेल्या, मधे जरा साफ. ती कराकरा खाजवत होती.

"अहो, हिला डॉक्टरला दाखवू," आमच्या सौ., म्हणजे सुनीता म्हणाली.

मी हात उजेडाकडं धरला. डोळे बारीक केले. "हं," म्हणालो. "हं. घामोळं आहे."

"घामोळं असं गोल कंपासनं काढल्यासारखं असतं का?"

"तू किती पानं बघितलीस आजवर?" मी विचारलं. सुनीता गप्प बसली. पटलं म्हणून गप्प बसली, असं मी तेव्हा धरून चाललो.

फ्रिजवर एक ट्यूब पडलेली असायची. मेडिकलवाल्यानं मागं मलाच दिली होती, माझ्या कमरेच्या घामोळ्यासाठी. 'खाज, लाली, जंतू, बुरशी, सगळ्यावर एकच' असं म्हणाला होता. माझं घामोळं दोन वर्षं त्या ट्यूबवर अगदी आटोक्यात होतं. म्हणजे लावलं की जायचं, सोडलं की यायचं. मी तीच ट्यूब ईश्वरीला लावली. तिसऱ्या दिवशी खाज बंद, लाली गायब! सुनीताच्या नाकासमोर मी तो हात आडवा-उभा फिरवून दाखवला. दुकानात आलेल्या चार गिऱ्हाइकांनाही सांगितलं. एकानं तर आपल्या बैलाला चालेल का म्हणून विचारलं.

आठवड्यानं तो गोल परत आला, तो बशीएवढा होऊन. सोबत मानेवर दोन पिल्लं.

आता वस्तादांनी लक्ष घातलं. रंगनाथ वस्ताद सत्तरीचे, कान मोडलेले, बोलणं मोजकं. "त्या ट्यूबाबिबा फेका," ते म्हणाले. "आपल्या मातीत हळद हाय, ताक हाय, लिंबू हाय, त्याल हाय. ह्या मातीनं भल्याभल्यांची कातडी निर्मळ झाली. पोरीला अर्धा तास मातीत निजवा."

"खरूज, नायटा, सगळं जातं?"

"जातं की. मला आजवर कायबी झालं न्हाई."

या युक्तिवादावर काय बोलणार? ईश्वरीला गळ्यापर्यंत लाल मातीत पुरलं. नुसतं डोकं वर. त्या डोक्यानं पहिली दहा मिनिटं पाढे म्हटले, नंतरची वीस मिनिटं "पप्पा, खाजतंय" एवढंच म्हटलं. "खाजतंय म्हणजे औषध लागू पडतंय," मी तिला सांगितलं. घरी नेली तेव्हा पोरगी लालभडक झालेली. सुनीतानं दारातच विचारलं, "हिला कुठं नेलं होतं? वीटभट्टीवर?"

इथं शहाणा माणूस डॉक्टरकडं गेला असता. पण माझ्यासमोर वीस वर्षांचा अनुभव उभा होता. आमच्याकडं शेतकऱ्याला एक औषध दिलं की त्याचं समाधान होत नाही. तो म्हणतो, "एकाच पाण्यात दोन-तीन औषधं मिक्स करून द्या, म्हंजी एकदाच फवारतो." मी त्यांना रोज ओरडतो की असं मिक्स करू नका, पान करपतं. त्या रात्रीच्या जेवणाआधी मी वाटीत ती ट्यूब पिळली, त्यात हळद टाकली, कडुलिंबाचा पाला वाटून टाकला आणि पिकाला जसं चिकटद्रव्य घालतात तसं वरून खोबरेल ओतलं. रंग हिरवट-पिवळा झाला. वास सांगण्यासारखा नव्हता. ईश्वरी म्हणाली, "पप्पा, हे शाळेत लावून जायचं?" मी म्हणालो, "लोक काय म्हणतील याचा विचार खेळाडूनं करायचा नसतो."

शाळेत तिच्या बेंचवर कुणी बसेना. चार दिवसांत गोल मोजायचे सोडून दिले. हातावर, मानेवर, पाठीवर, आणि एक थेट गालावर.

मग वस्तादांनी मला बाजूला घेतलं. "भाऊसाहेब, एक सांगू का? चाचणीला वजनाच्या टायमाला डाक्टर अंग तपासत्यात. असलं काय दिसलं तर पोरीला मॅटवर चढू देत न्हाईत."

"पण माती..."

"माती मातीच्या जागी. मॅटवाल्यांचा नियम येगळा हाय," ते म्हणाले आणि निघून गेले.

ईश्वरी मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "पप्पा, मला खेळू देणार नाहीत?" एवढंच विचारलं तिनं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला समजूत तरी घालता आली असती. ती नुसती गालावरचा गोल तळहातानं झाकून उभी राहिली. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी नेहमी जे करतो तेच केलं. दुसरा कुणीतरी दोषी शोधायला निघालो.

दोषी लगेच सापडला. बबनरावांची तनुजा ईश्वरीच्याच वजनाची, तिची रोजची जोडीदार. तिच्या कोपरावर तसाच गोल! मी दुसऱ्या दिवशी तालमीत सगळ्या पालकांसमोर उभा राहिलो.

"बबनराव, तुमच्या घरात स्वच्छता कशी आहे?"

बबनराव ऊसतोडीच्या मुकादमाकडं ट्रॅक्टर चालवतात. माणूस शांत. "लई चांगली हाय. का वो?"

"रोग तिकडून आलाय. कोपर बघा पोरीचं."

"तनुजाला आठ दिवसामागं झालंय. तुमच्या ईश्वरीला म्हैना झाला."

हिशेब त्यांच्या बाजूचा होता, म्हणून मी आवाज वाढवला. "तारखेचं सोडा. कांद्यावर करपा आधी कुठल्या वाफ्यात दिसला यावरून तो कुठून आला ते ठरत नसतं. त्याचा उगम शोधावा लागतो. सगळ्या मुलींना रांगेत उभं करा."

रांग लागली. पाचपैकी पाचही मुलींना कुठं ना कुठं गोल निघाले. पालकांत कुजबूज सुरू झाली आणि मला जोर चढला. "उद्याच्या उद्या सगळ्यांना नगरला कातडीच्या डॉक्टरकडं नेतो," मी जाहीर केलं. "माझी पिकअप, माझं डिझेल. आणि रोग कुणाच्या घरातून निघाला, ते डॉक्टरांच्या तोंडून सगळ्यांसमोर ऐकायचं. दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ दे."

सुनीता माझी बाही ओढत होती. मी बाही सोडवून घेतली.

दुसऱ्या दिवशी खताची पिकअप झाडून त्यात सतरंजी टाकली. पाच मुली, चार आया, दोन बाप आणि वस्ताद, असं ते वऱ्हाड निघालं. घोडेगाव येईपर्यंत मी बबनरावांशी एक शब्द बोललो नाही. ते मात्र मुलींना शेंगा सोलून देत होते. डॉक्टरांपुढं तोंड दाखवायला लागणार म्हणून लाडीगोडी चाललीय, असं मी मनात म्हणालो.

कातडीच्या डॉक्टर एक बाई होत्या. वयानं तरुण, आवाज मऊ, पण नजर अशी की मी माझं ठेवणीतलं 'हं' आत गिळलं. त्यांनी पाचही मुलींना एकेक करून भिंगातून तपासलं, ईश्वरीच्या हातावरचा पापुद्रा काचेवर खरवडून घेतला आणि सूक्ष्मदर्शकात बघून आल्या.

"गजकर्ण आहे. ही बुरशी आहे," त्या म्हणाल्या. "लहान मुलांत खूप दिसतं, कुस्ती खेळणाऱ्यांत तर जास्तच. घाबरायचं कारण नाही. पण या मुलीचं एवढं पसरलं कसं? काय लावलं होतं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बुरशी! वीस वर्षं मी जी पानावर ओळखत आलो ती! सुनीतानं पर्समधून ती ट्यूब काढून टेबलावर ठेवली. (बायका कुठल्या वेळी काय सोबत आणतील, याचा नेम नसतो.)

डॉक्टरांनी ट्यूब वाचली आणि मान हलवली. "यात स्टेरॉईड आहे. त्यानं खाज आणि लाली दबते, माणसाला वाटतं बरं झालं. पण आत बुरशीला खत घातल्यासारखं होतं. तुमचा व्यवसाय काय?"

"शेती औषधं," मी म्हणालो.

"कसली?"

"बुरशीनाशकं." हे उत्तर मी अगदी हळू दिलं, तरी पिकअपमधून आलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं. वस्तादांचे ते मोडलेले कानसुद्धा त्या दिवशी चोख चालत होते.

मी विषय मूळ मुद्द्यावर आणला. "मॅडम, ते जाऊ द्या. हे आलं कुणाकडून ते सांगा. हे सगळे तेवढ्यासाठीच आलेत."

"या मुली एकमेकींचं काही वापरतात का? कपडे, टॉवेल?"

"नाही," सगळ्या आया एकदम म्हणाल्या.

"टॉवेल टॉवेलकाकांचा असतो," तनुजा म्हणाली. "आमाला सगळ्यांना तोच एक देतात."

डॉक्टर तनुजाकडं बघायच्या थांबल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या. मग टेबलावरच्या ट्यूबकडं. "ही ट्यूब घरात आधीपासून कुणासाठी होती?"

मी छताकडं बघितलं. तिथं पंखा होता.

"यांच्यासाठी," सुनीता म्हणाली. "दोन वर्षं झाली."

"शर्ट वर करा," डॉक्टर म्हणाल्या.

"मला? मला घामोळं आहे."

"शर्ट वर करा."

पाच मुली, चार आया, एक बबनराव आणि एक वस्ताद यांच्यासमोर मी शर्ट वर केला. तोही थोडासाच, पण थोडासाच पुरला. पट्ट्याच्या कडेनं नगर जिल्ह्याचा नकाशा होता, चौदाही तालुक्यांसकट. डॉक्टरांनी भिंग हातात घेण्याचीही तसदी घेतली नाही.

"हे मूळ," त्या म्हणाल्या.

मी बबनरावांकडं बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती. त्यांच्या घशातून जो आवाज आला तो मी ओळखला. हसू दाबताना माणसाला ठसका लागतो, तो.

डॉक्टरांनी मग सगळं नीट समजावलं, आणि ते समजावताना त्या माझ्याशी लहान पोराशी बोलावं तसं हळू बोलत होत्या. साधं बुरशीचं मलम, दिवसातून दोनदा, डागाच्या कडेबाहेर दोन बोटं जास्तीचं. काहींना गोळ्याही. टॉवेल ज्याचा त्याला. कपडे गरम पाण्यात, वाळत घालायचे कडक उन्हात. अंग कोरडं ठेवायचं, घट्ट कपडे नकोत. घरातल्या सगळ्यांना दाखवायचं, नाहीतर एकाकडून दुसऱ्याकडं फिरत राहतं. "आणि सगळ्यात महत्त्वाचं," त्या म्हणाल्या, "खाज थांबली म्हणून औषध थांबवायचं नाही. डाग गेल्यावरही मी सांगेन तोवर लावायचं. लोक इथंच चुकतात."

"शेतकरी पण असंच करतात, मॅडम," मी म्हणालो. "पान हिरवं दिसलं की पुढची फवारणी टाळतात." आपली थोडी तरी लायकी दिसावी म्हणून मी हे बोललो. डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागल्या.

परतीच्या वाटेवर घोडेगावला चहाला थांबलो तेव्हा मी बबनरावांकडं गेलो. "बबनराव, माझं चुकलं. तुमच्या पोरीवर नको तो आळ घेतला." ते म्हणाले, "जाऊ द्या की. आमच्या घरात स्वच्छता लई चांगली हाय, हे डाक्टरनीसमोर सिद्ध झालं, आमाला तेवढंच बास." आणि माझ्यापुढं शेंगा धरल्या. मी हात पुढं केला तेव्हा त्यांनी शेंगा हातावर न ठेवता वरून टाकल्या.

त्या दिवसापासून सुनीतानं राज्य हातात घेतलं. घरात तिघांना तीन रंगांचे टॉवेल आले, प्रत्येकावर दोऱ्यानं नाव विणलं. अंगणात कपडे उकळायचं पातेलं बसलं. ईश्वरी सकाळ-संध्याकाळ आरशासमोर उभी राहून मलम लावायची, कडेबाहेर दोन बोटं अगदी मोजून, आणि कॅलेंडरवर फुली मारायची. मी एवढी शिस्त औषध कंपनीच्या माणसांतही पाहिली नाही. दोन-तीन आठवड्यांत तिची खाज गेली, डाग फिके पडले, तरी तिच्या फुल्या चालूच. ट्यूब संपत आली की तीच आईला आठवण करायची. "मला खेळायचंय," विचारलं की एवढंच सांगायची.

माझी खाज मात्र आठव्या दिवशीच थांबली. मी आरशात बघितलं, कंबर बऱ्यापैकी दिसली. मोठ्या माणसाची कातडी जाड असते, तिला कशाला लागतंय एवढे दिवस, असा विचार करून मी डॉक्टरांनी दिलेली ट्यूब फ्रिजवर ठेवून दिली. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही वाटलंही नाही.

चाचणीचा दिवस आला. नगरच्या क्रीडा संकुलात मॅट अंथरलेली, पोरींची झुंबड, भोंग्यावर नावं. वजनाच्या टेबलाशेजारी एक डॉक्टर बसले होते. ईश्वरीनं आपण होऊन हात पुढं केले, मान वळवली, गाल दाखवला. सोबत आमच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी. डॉक्टरांनी बघितलं, चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "छान. जा बाळा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. दोन महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं.

मॅटच्या कठड्याआत प्रत्येक मुलीसोबत एकाच माणसाला सोडत होते. मी पास गळ्यात अडकवला, ईश्वरीचा नाव विणलेला कोरा टॉवेल खांद्यावर घेतला आणि निघालो. उकाडा मरणाचा होता. पट्टा घट्ट होता. चालता चालता माझा हात, माझ्या नकळत, कमरेला गेला.

"एक मिनिट," टेबलावरचे डॉक्टर म्हणाले. "काय होतंय तिथं?"

"काही नाही. घामोळं."

"पप्पा," ईश्वरी थांबली. तिनं माझ्या कमरेकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. "तुम्ही औषध सोडलं?"

मी पट्टा सैल करायला लागलो. तसं तिनं माझ्या खांद्यावरून दोन बोटांच्या चिमटीत आपला टॉवेल उचलला, एखादी उंदराची शेपटी उचलावी तसा, आणि वस्तादांकडं दिला. माझ्या गळ्यातला पास सुनीतानं काढून घेतला. तो तिनं वस्तादांच्या गळ्यात अडकवला.

मी गेलो कठड्याबाहेर, बबनरावांशेजारी. तिथून मॅटचा एकच कोपरा दिसत होता. तनुजा पहिल्या कुस्तीत हरली आणि रडत रडत येऊन बापाच्या पोटाला बिलगली. ईश्वरी पहिली जिंकली, दुसरी जिंकली, तिसऱ्या कुस्तीत तिनं समोरच्या पोरीला असं उचललं की मी कठड्यावर चढलो आणि आत उडी मारायला निघालो. तेवढ्यात तिनं माझ्याकडं बघितलं आणि हाताचा पंजा आडवा केला. थांबा. मी थांबलो.

भोंग्यावर तिचं नाव पुकारलं, निवड झाल्याचं. बबनरावांनी माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, मधेच थांबले आणि नमस्कार केला.

ईश्वरी जिल्ह्याच्या संघात गेली. यादीत नाव नसताना, वजन न करता आणि मॅटवर पाऊल न ठेवता बाद झालेला माणूस त्या दिवशी संकुलात एकच होता, आणि त्याच्या दुकानात आजही सोळा प्रकारची बुरशीनाशकं मिळतात.